कोकणातून नॅनो आणि मटेरियल सायन्सच्या संशोधनाकडे: बारावीपासून नोकरीपर्यंतची वाट

श्रावणात परसातल्या अळवाच्या पानावर पाण्याचा एक थेंब सोडून बघा. तो पसरत नाही. पाऱ्यासारखा गोळा होतो, पान जरा हललं की घरंगळतो आणि जाताना वाटेतली धूळ उचलून नेतो. 'अळवावरचं पाणी' आपण फार काळ न टिकणाऱ्या गोष्टीला म्हणतो, पण ते पाणी तिथे का टिकत नाही हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्या पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि उंचवट्यांवर मेणाचे त्याहूनही बारीक कण. हे कण नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतात. थेंब त्यांच्या टोकांवर तरंगल्यासारखा टेकतो, खाली हवा अडकून राहते, आणि पान कोरडंच राहतं. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो.

मी राजापूर तालुक्यातल्या एका गावची. घरात माझ्याआधी कुणी एमएस्सी झालेलं नव्हतं. आज रत्नागिरीजवळ एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि नॅनो पदार्थांवर काम करते. दर वर्षी बारावीचा निकाल लागला की गावाकडून फोन सुरू होतात: "ताई, पोरगी नॅनोटेक्नॉलॉजी करायचं म्हणते, पुढे काय आहे त्यात?" फोनवर जे तुटक तुटक सांगते ते इथे सलग लिहिते. आधीच एक सांगून ठेवते, कारण ते घरच्यांनाही ठाऊक असायला हवं. बारावीनंतर विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत कायम नोकरी लागेपर्यंत दहा ते चौदा वर्षं जातात. यातली बरीच वर्षं फेलोशिप (संशोधनासाठीचं विद्यावेतन) मिळू शकते, म्हणजे घरून पैसे मागवावे लागत नाहीत. पण घरी पैसे पाठवायला उशीर होतो, हेही खरं.

पायरी १: नाव बाजूला ठेवा, मूळ विषय धरा

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेतल्या व्याख्यानात अणू एकेक करून हवे तसे मांडता येतील का, हा विचार मांडला. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९७४ मध्ये, जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी वापरला. आपल्याकडे केंद्र सरकारने २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांचं नॅनो मिशन सुरू केलं आणि पुढे या नावाचे अभ्यासक्रम बऱ्याच ठिकाणी निघाले. आता नोबेल बघा. ग्राफिनला, म्हणजे कार्बनच्या एक अणू जाडीच्या थराला, २०१० मध्ये मिळालं ते भौतिकशास्त्राचं. क्वांटम डॉट्सना, म्हणजे काही नॅनोमीटरच्या अर्धवाहक कणांना, २०२३ मध्ये मिळालं ते रसायनशास्त्राचं. धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळ्यांना, ज्यांना सगळे एमओएफ म्हणतात, २०२५ मध्ये मिळालं तेही रसायनशास्त्राचंच. नॅनोच्या मापात काम करणारा प्रत्येक माणूस आधी कुठल्या तरी एका विषयात पक्का असतो.

म्हणून माझा आग्रह असा की बीएस्सी फिजिक्स किंवा केमिस्ट्रीतच करा. इंजिनिअरिंगला जाणार असाल तर मेटलर्जी, मटेरियल्स किंवा केमिकल घ्या. फक्त 'नॅनो' एवढंच नाव असलेल्या पदवीत मला एक व्यवहाराची अडचण दिसते. नेटच्या, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधन फेलोशिपच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, नॅनो नावाचा पेपर नाही. केमिकल सायन्सेस आहे, फिजिकल सायन्सेस आहे. महाविद्यालयातल्या जागेची जाहिरातही 'रसायनशास्त्र' किंवा 'भौतिकशास्त्र' अशीच निघते, आणि अर्जांच्या छाननीत पदवीचं नाव वेगळं निघालं तर वाद होऊ शकतो. मूळ विषयात पदवी असलेला माणूस पुढे नॅनोत केव्हाही जाऊ शकतो. उलट वाट अवघड आहे.

बारावीच्या मुलांना आणखी एक सांगते: गणित सोडू नका. आपल्याकडे मेडिकलच्या आशेने पीसीबी घेणारी मुलं खूप. नंतर केमिस्ट्रीला आल्यावर क्वांटम आणि थर्मोडायनॅमिक्स समोर आलं की तीच मुलं धास्तावतात. गणित सुटलंच असेल तर पहिल्या वर्षाच्या सुट्टीत एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरचे कॅल्क्युलसचे मोफत धडे बघून घ्या. दोन महिने पुरतात.

पायरी २: बीएस्सीतच हात बसवा

माझा पहिला नॅनो प्रयोग सोन्याचा होता. क्लोरोऑरिक अॅसिडचं फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवायचं, ढवळणं चालू ठेवायचं आणि त्यात ट्रायसोडियम सायट्रेटचं द्रावण एकदम ओतायचं. पिवळेपणा जातो. थोडा वेळ काहीच घडत नाही. मग करडी-निळसर झाक येते, ती जांभळी होते, आणि शेवटी चंबूत पातळ कोकम सरबताचा लाल रंग उभा राहतो. ही पद्धत टर्केविच आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये बारकाईने अभ्यासली. यात तयार होणारे सोन्याचे कण साधारण १५ ते २० नॅनोमीटरचे असतात. दागिन्यातलं सोनं पिवळं दिसतं, पण एवढं बारीक झालं की ते ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषून घेतं, म्हणून लाल दिसतं.

माझं द्रावण लाल झालंच नाही. जांभळट-निळं पडलं आणि दुसऱ्या दिवशी तळाशी काळा साका. तीनदा केलं, तीनदा तेच. मे महिना होता, किनाऱ्यालगतच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुट्टीत काम करत होते. कारण निघालं नळाच्या पाण्यात. उन्हाळ्यात तिथल्या विहिरी मचूळ होतात. मी काचेची भांडी त्याच पाण्याने धुवायची आणि डिस्टिल्ड वॉटरने घाईघाईत एकदाच विसळायची. सोन्याचे कण एकमेकांपासून दूर राहतात ते त्यांच्यावरच्या ऋण भारामुळे. पाण्यात मीठ आलं की तो भार झाकला जातो, कण चिकटून गठ्ठे होतात आणि रंग निळ्याकडे सरकतो. भांडी नीट धुतली, डिस्टिल्ड वॉटरने चार वेळा विसळली, आणि चौथ्या खेपेला लाल रंग आला. त्या दिवसापासून माझ्या वहीत प्रत्येक प्रयोगाच्या वर पाणी कुठलं, भांडं कधी धुतलं आणि हवेत दमटपणा किती, या तीन गोष्टी लिहिलेल्या असतात.

तर पहिलं काम म्हणजे वही. बांधीव, पानांना नंबर घातलेली, पेनने लिहायची. फसलेला प्रयोगही खोडायचा नाही. दुसरं काम सेंट्रिफ्यूजसमोर, म्हणजे वेगाने फिरवून कण वेगळे करणाऱ्या यंत्रासमोर: समोरासमोरच्या ट्यूब वजन करूनच ठेवायच्या, नजरेने नाही. तिसरं, कोरडी नॅनो पावडर उघड्यावर झटकायची नाही, मास्क आणि फ्यूम हूड (हवा बाहेर ओढून टाकणारं कपाट) याशिवाय हात लावायचा नाही. हे कुठल्याही प्रयोगशाळेत तुम्हाला पहिल्या आठवड्यात विचारलं जाईल. हात आधीच बसलेला असेल तर तुमच्याकडे बघण्याची नजर बदलते.

आपल्या कॉलेजात उपकरणं नसतात, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी सुट्ट्या वापरा. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची मिळून एक समर रिसर्च फेलोशिप असते, त्यात दोन महिने एखाद्या नामांकित प्रयोगशाळेत काम करता येतं. अर्ज साधारण हिवाळ्यात भरायचे असतात, म्हणून दिवाळीपासूनच लक्ष ठेवा. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस कार्यक्रम खास बीएस्सीच्या मुलांसाठी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) सुट्टीतला व्हीएसआरपी कार्यक्रम आहे. गावातून पहिल्यांदा मुंबईत जाणाऱ्या मुलीला राहायचं कुठे हा मोठा प्रश्न असतो. अर्जासोबतच वसतिगृह मिळेल का हे विचारून घ्या, लाजू नका.

पायरी ३: एमएस्सी

यावर फार लिहीत नाही. जॅमची परीक्षा द्या. ती दर वर्षी फेब्रुवारीत असते आणि तिच्या गुणांवर आयआयटी मुंबईसह बहुतेक आयआयटींमध्ये एमएस्सीला प्रवेश मिळतो. जॅम जमली नाही तरी मुंबई विद्यापीठाचं कालिना, पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ, माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ ही चांगली ठिकाणं आहेत. पातळ थर आणि ऊर्जा साठवणाऱ्या पदार्थांवर कोल्हापुरात कित्येक वर्षं सातत्याने काम चालू आहे, आणि आपल्याला ते घाट चढला की जवळ. एमएस्सीच्या शेवटच्या सत्रातला प्रकल्प मात्र गंभीरपणे करा. पुढे कुणी शिफारसपत्र लिहिणार असेल तर त्याच प्रकल्पावर लिहील.

पायरी ४: परीक्षा आणि पैसे

सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. आता नेटचा निकाल तीन प्रकारांत लागतो: जेआरएफ, सहायक प्राध्यापक पदाची पात्रता, आणि फक्त पीएचडी प्रवेशाची पात्रता. जेआरएफ हुकली म्हणून निकालपत्र फाडून टाकणारी मुलं मी बघितली आहेत. तिसऱ्या प्रकारात नाव असलं तरी पीएचडीचं दार उघडतं.

गेट, म्हणजे इंजिनिअरिंग आणि विज्ञानाची पदव्युत्तर पात्रता परीक्षा, वर्षातून एकदा, फेब्रुवारीत. गुण तीन वर्षं चालतात. फिजिक्सवाल्यांसाठी जेस्ट ही प्रवेश परीक्षाही आहे. नेट आणि गेटमध्ये सामान्य गणिती तर्काचे प्रश्न असतात आणि आपली मुलं मार्क घालवतात ती नेमकी तिथेच, कारण विषय आला की बाकी जमेल असं वाटतं. रोज अर्धा तास फक्त तेच सोडवा.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी राज्याच्या संशोधन फेलोशिपही आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. पीएचडीची नोंदणी झाल्यावर यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा, आणि जातवैधता, उत्पन्न, अधिवास हे दाखले आधीच काढून ठेवा. तहसील कार्यालयात ऐनवेळी धावणाऱ्यांची मुदत चुकते. फेलोशिप कुठलीही असो, पहिला हप्ता हाती यायला काही महिने जातात. तेवढ्या खर्चाची तजवीज असल्याशिवाय खोली भाड्याने घेऊ नका.

पायरी ५: गाइड निवडणं

गाइड म्हणजे पीएचडीचा मार्गदर्शक. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पाच वर्षं ज्या माणसाच्या हाताखाली काढायची आहेत, त्याच्याबद्दल आपण दहा मिनिटंही चौकशी करत नाही. संस्थेच्या नावावर भाळून गाइड स्वीकारतो. माझं ठाम मत आहे की मध्यम संस्थेतला चांगला गाइड हा मोठ्या संस्थेतल्या वेळ न देणाऱ्या गाइडपेक्षा कितीतरी बरा.

चौकशी अशी करायची. आधी त्यांचे गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध काढा. पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का बघा. तोच विद्यार्थी पुढच्या निबंधातही दिसतो का? त्यांच्याकडच्या शेवटच्या तीन विद्यार्थ्यांना पीएचडीला किती वर्षं लागली आणि ते आता कुठे आहेत? जागा आहे का हेही विचारा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच पीएचडी विद्यार्थी असू शकतात. मग प्रयोगशाळेतल्या एखाद्या सीनियरला चहाला गाठा. "सर चिडतात का?" असं विचारू नका. "ड्राफ्ट दिला की परत किती दिवसांत मिळतो?" हे विचारा. या एका उत्तरात सगळं येतं.

मी स्वतः पहिल्यांदा यात चुकले. एका ठिकाणी मोठं नाव बघून रुजू झाले. आठ महिन्यांत गाइडशी दोनदा बोलणं झालं, विषय ठरला नाही, आणि मी रोज दुसऱ्यांची भांडी धूत होते. शेवटी हिंमत करून बदलून घेतलं. ते आठ महिने परत मिळाले नाहीत, पण दुसऱ्या गाइडच्या खोलीत पहिल्याच दिवशी मॅडमनी माझी वही मागितली आणि पान पान वाचली. मला तेव्हा रडू आलं होतं.

पहिली मेल इंग्रजीत जाईल, पण आशय असा असू दे:

"आपला झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांवरचा शोधनिबंध वाचला. तापमान वाढवल्यावर कण मोठे होतात आणि वायू ओळखण्याची क्षमता घटते, असं त्यात दिसतं. कण मोठे झाल्याने पृष्ठभाग कमी झाला, एवढंच कारण असेल की थरातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचाही संबंध असेल, असा प्रश्न मला पडला. मी रत्नागिरीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मे-जूनमध्ये सहा आठवडे आपल्या प्रयोगशाळेत काम करायची इच्छा आहे. गुणपत्रक जोडलं आहे."

एवढंच. "आदरणीय महोदय, मला नॅनोटेक्नॉलॉजीची लहानपणापासून आवड आहे" ही मेल एकाच वेळी चाळीस जणांना गेलेली ओळखू येते आणि उघडलीही जात नाही. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. तरीही नाही आलं तर दुसरा पत्ता.

विषय घरचाही असू शकतो

गाइड विचारतात, "काम कशावर करायचंय?" तेव्हा आपली मुलं गप्प बसतात. आपल्या किनाऱ्याकडे जरा नीट बघा. रत्नागिरीच्या उत्तरेला काळबादेवी, नेवरे, मालगुंडच्या पुळणीवर काळी वाळू दिसते. तिच्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. जोरकस चुंबक फिरवला तर काळे कण त्याला चिकटतात. टायटॅनियम डायऑक्साइड हा रंग, सनस्क्रीन, पाणी शुद्ध करणारे उत्प्रेरक या सगळ्यांतला महत्त्वाचा पदार्थ. गिरणीबाहेर पडलेला भाताचा तूस जाळला तर राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका निघते, आणि तीही नीट जाळली तर स्फटिक न झालेली, सच्छिद्र. काजूच्या टरफलातलं ते हात भाजणारं तेल म्हणजे कार्डेनॉल आणि अॅनाकार्डिक अॅसिडचा साठा. त्यापासून रेझिन बनतात. कोळंबी सोलून फेकलेल्या सालीतलं कायटिन अल्कलीत उकळलं की कायटोसान मिळतं, जे पाण्यातले जड धातू धरून ठेवतं. करवंटीचा कोळसा सक्रिय केला की वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरच्या इलेक्ट्रोडसाठी वापरता येतो. आणि गंज. खाऱ्या हवेत आपल्या घरांच्या सळया, होड्यांचे खिळे, पत्रे कसे खाऊन जातात हे आपल्याइतकं कुणाला माहीत? गंज थांबवणारे नॅनो लेप हा मटेरियल सायन्सचा मोठा, जिवंत प्रश्न आहे.

दापोलीचं कृषी विद्यापीठ, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ ही आपल्याच पट्ट्यात आहेत. तिथल्या लोकांशी बोलून कच्चा माल, नमुने, अडचणी समजून घेता येतात. फक्त एक जपा: 'गावचा कचरा वापरून नॅनो' एवढ्यावर शोधनिबंध होत नाही. त्या राखेतली सिलिका बाजारातल्या सिलिकापेक्षा कुठल्या गुणात वेगळी, आणि का, हे दाखवावं लागतं.

पायरी ६: पीएचडीची वर्षं

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षांची. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, शिवाय २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा मिळू शकते. मुलींनो, हा नियम छापून जवळ ठेवा. लग्न ठरलं की पीएचडी सोडायची, असं घरात गृहीत धरलं जातं. समोर कागद ठेवून बोललं की बोलण्याचा सूर बदलतो.

पहिल्या वर्षात कोर्सवर्क असतं, त्यासोबत एक्सआरडी (एक्स-किरणांनी स्फटिक तपासणारं), एसईएम, टीईएम (दोन्ही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), रामन, यूव्ही-व्हिजिबल (दोन्ही प्रकाशाने पदार्थ तपासणारी) या उपकरणांतून निघालेला डेटा स्वतः वाचायला शिका. उपकरण चालवणारा ऑपरेटर आलेख देईल, अर्थ तुम्हालाच लावायचा आहे. एक उदाहरण करून दाखवते.

एक्सआरडीच्या आलेखात टायटॅनियम डायऑक्साइडच्या अॅनाटेज या स्फटिक प्रकाराची मुख्य पीक, म्हणजे आलेखातलं उंच टोक, तांब्याच्या एक्स-किरणांनी २५.३ अंशांवर येते. समजा अर्ध्या उंचीवर तिची रुंदी ०.८ अंश आहे. शेरर यांच्या सूत्रात कणाचा आकार म्हणजे ०.९ गुणिले तरंगलांबी, भागिले रुंदी गुणिले कोनाचं कोसाइन. तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर. रुंदी अंशांत घ्यायची नाही, रेडियनमध्ये घ्यायची: ०.०१३९६. कोन २५.३ चा अर्धा, म्हणजे १२.६५ अंश, त्याचं कोसाइन ०.९७६. उत्तर येतं साधारण १० नॅनोमीटर. नवी मुलं दोन ठिकाणी हमखास चुकतात: रेडियन करायला विसरतात, आणि कोन अर्धा करायला विसरतात. तिसरी चूक जुन्यांचीही होते. उपकरण स्वतः पीक थोडी रुंद करतं, तेवढी रुंदी वजा न करताच आकार छापतात. शिवाय हा आकार एका स्फटिकाचा असतो. टीईएममध्ये दिसणारा कण अनेक स्फटिकांचा मिळून झालेला असू शकतो. दोन्ही आकडे जुळले नाहीत म्हणून घाबरू नका, का जुळले नाहीत ते लिहा. आणि टीईएमच्या चित्रात सुंदर दिसणारे पाच कण निवडू नका. निदान शंभर मोजा, इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे.

स्वतःच्या संस्थेत उपकरण नसेल तर आयआयटी मुंबईच्या सैफ या सामाईक उपकरण केंद्रात नमुने पाठवता येतात. देशात कुठे कुठलं उपकरण आहे आणि ते बाहेरच्यांना मिळतं का, हे आय-स्टेम पोर्टलवर बघता येतं. नमुना पाठवताना कुपीवर पूर्ण नाव नको, सांकेतिक नंबर आणि तारीख लिहा. चिठ्ठी पाण्याने पुसली जाते, म्हणून पेन्सिलने लिहून वर पारदर्शक टेप लावा. जून ते सप्टेंबर कोकणात हवा एवढी दमट की उघडी ठेवलेली पावडर दोन दिवसांत ओलसर होते. डेसिकेटरमधली (नमुने कोरडे ठेवायच्या बंद भांड्यातली) सिलिका जेल निळ्याची गुलाबी झाली की लगेच भाजून घ्या. ओलाव्याने बिघडणाऱ्या पेरोव्हस्काइट सौर पदार्थांवर काम करणाऱ्यांनी तर पावसाळ्यात ग्लव्हबॉक्सशिवाय (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीशिवाय) हातच लावू नये.

शोधनिबंध छापायची घाई होते आणि त्या घाईत पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांत मुलं अडकतात. यूजीसीने मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, म्हणजे परीक्षा आता तुमच्या विवेकाची. सोपी कसोटी: तुम्ही ज्यांचे निबंध वाचता ते लोक तिथे छापतात का? नसतील तर तुम्हीही नको. वाचायला मात्र आता सोय झाली आहे. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे सरकारी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमध्ये सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली.

पायरी ७: पोस्ट-डॉक

आयआयटी, आयझर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) किंवा मोठ्या संशोधन संस्थेत जायचं असेल तर दोन-तीन वर्षांचा पोस्ट-डॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, जवळपास अपरिहार्य. देशात अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची राष्ट्रीय पोस्ट-डॉक फेलोशिप आहे. बाहेर जर्मनीची हम्बोल्ट, युरोपची मारी क्युरी. दक्षिण कोरियात तर पश्चिम महाराष्ट्रातली इतकी मुलं गेली आहेत की तिथे उतरल्यावर मराठी बोलायला कुणीतरी सापडतंच. पीएचडी संपायच्या एक वर्ष आधी अर्ज सुरू करा, आणि तिकडे जाऊन वेगळं तंत्र शिका. पीएचडीत केलं तेच पुन्हा करण्यासाठी एवढ्या लांब जाऊ नका.

पायरी ८: नोकरी

महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा महाराष्ट्राची सेट लागते. सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. आयआयटीत नेट लागत नाही, पीएचडी आणि पुढचं काम बघतात. तिथे सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन १,०१,५०० पासून सुरू होतं. याशिवाय पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि सी-मेट (इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांची संस्था), मोहालीची नॅनो विज्ञान संस्था, मुंबईत ट्रॉम्बेचं बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) ही संशोधकांची घरं आहेत. बीएआरसीला तर एमएस्सी किंवा बीटेकनंतरच एक वर्षाच्या प्रशिक्षणातून जाता येतं.

कायम जागा मिळेपर्यंत बऱ्याच जणांच्या वाट्याला सीएचबी येतं, म्हणजे तासिका तत्त्वावरची नोकरी. मीही दोन वर्षं केली. तासांवर पैसे, सुट्ट्यांचे नाही, आणि बिल निघायला चार-पाच महिने. पीएचडी झालेल्या माणसाने महिनाअखेर किराणा उधार आणावा, हे माझ्या मनाला आजही लागतं, आणि ते बदललं पाहिजे असं मी दर बैठकीत बोलते. तुमच्यावर ती वेळ आली तर एक-दोन वर्षांची मर्यादा आधीच ठरवा, आणि त्या काळात निदान एक शोधनिबंध आणि एक प्रकल्प-अर्ज पूर्ण करा. सीएचबी करता करता संशोधन थांबलं की मुलाखतीत सांगायला काही उरत नाही.

मुलाखतीत एक प्रश्न नक्की येतो: "आमच्याकडे उपकरणं नाहीत, तुम्ही संशोधन कसं करणार?" उत्तर आकड्यांत द्या. कुठलं उपकरण कॉलेजात आहे, कुठलं बाहेरून, एका नमुन्याला किती खर्च, वर्षाला किती नमुने, पैसे कुठल्या योजनेतून मागणार. मी सांगितलं होतं की मफल भट्टी आणि यूव्ही-व्हिजिबल एवढं इथे आहे, तेवढ्यावर तुसातली सिलिका तयार करून तपासेन, बाकीची तपासणी कोल्हापूरला. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "नमुने नेणार कोण?" मी म्हटलं, "आंबा घाटातून एसटी जाते." आता महिन्यातून एकदा आमची एखादी विद्यार्थिनी सकाळच्या गाडीला बसते. मांडीवर जेवणाचा डबा आणि त्याखाली कापसात गुंडाळलेल्या बारा कुप्यांचा खोका.